गाडी जर्मन, इंजिन जपानी

एका निवृत्त मास्तरणीने मोटारीच्या इंजिनावर लिहायला घेतलंय म्हटल्यावर आमच्या धाकट्या जाऊबाई नक्की हसणार. हसू देत. मी बी.ए. भूगोल, तेही मराठी माध्यमातून. 'जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो' हे वाक्य नोकरीत किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल याची गणती नाही. ते वाक्य एखाद्या घरात काय काय घडवू शकतं हे मात्र २०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कळलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलगा कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर कोपऱ्यात एक फाईल ठेवलेली असायची. आम्हाला कायमचं तिकडे नेण्यासाठी करायच्या अर्जाची. मुलगा विषय काढत नव्हता, पण फाईल उचलतही नव्हता. आणि आमचे हे दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणाले, "इथे मी काय करू गं? नुसती हवा खायला आलोय का?" एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. त्यांना रिकामं बसवणं म्हणजे शिक्षाच. नातू शाळेत, मुलगा-सून कामावर, आणि हे खिडकीतून समोरचं हिरवळीचं चौकोनी अंगण बघत बसलेले. रात्री झोपेत उसासे टाकायचे. मला काळजी वाटायला लागली होती.

मुलाकडे एक जुनी व्हॅन आहे. फोक्सवॅगनची व्हॅनॅगन, १९८७ चं मॉडेल. छप्पर वर उचललं की आत दोन माणसं झोपतात, बारकीशी शेगडी आहे, बेसिन आहे. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच! गाडी चौकोनी, पाववाल्याच्या पेटीसारखी, आणि इंजिन पाठीमागे, गादीखाली. तिचं मूळ इंजिन २.१ लिटरचं, नव्वद-पंच्याण्णव अश्वशक्तीचं. पावणेदोन टनांच्या आसपासच्या बिऱ्हाडाला ते चढावर पुरत नाही. म्हणून तिकडचे हौशी लोक त्या जागी सुबारू लेगसीचं २.२ लिटरचं इंजिन बसवतात. ते १३० अश्वशक्तीचं. दोन्ही इंजिनं एकाच ठेवणीची, चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे पडलेले. त्यामुळे उंची कमी लागते आणि गादीखालच्या बसक्या जागेत ते मावतं. अर्थात जोडायची प्लेट वेगळी, वायरिंग वेगळं, पाण्याच्या नळ्या वेगळ्या, पण बसतं. मुलाने गाडी घेतली तीच असं इंजिन आधीच बसवलेली. मागचा मालक दुसऱ्या राज्यातला.

इंजिन बदललं खरं, पण गाडी चढावर दमत होती. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथून पूर्वेला ताहो सरोवराकडे जाणारा महामार्ग दीडशेएक किलोमीटरमध्ये डॉनर खिंडीपाशी २,२०० मीटरवर चढतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावरून आणखी साडेपाचशे मीटर वर मोटारी धावतात! आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा शेवटच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीस मैलांवर गाडी जाईना. मागून मालाचे ट्रक आम्हाला ओलांडून जात होते. इंजिनाचा आवाज मात्र वाघासारखा.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, २.५ लिटरचं इंजिन टाकावं म्हणतोय." त्याने किमतीही काढून ठेवल्या होत्या, काही हजार डॉलरच्या.

हे म्हणाले, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आधी श्वास बघ तिचा."

वाचकहो, त्या घरात पाय ठेवल्यापासून बाप-लेकांत झालेलं ते पहिलं धड संभाषण. मुलगा संगणकातला. तो काय काम करतो हे यांना कधी नीट कळलं नाही, आणि यांचं काम त्याने लहानपणी फक्त तेलकट कपड्यांच्या वासावरून ओळखलं. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण बोलायला विषय नाही. फोनवरसुद्धा "कसा आहेस?" "बरा आहे. आईला देतो," एवढंच.

यांचं म्हणणं साधं होतं. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण त्याचं मुख्य खाणं हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे त्याला ११ किलो हवा. किलोत मोजली की हवा किरकोळ वाटते, पण ती होते सुमारे ९,००० लिटर! गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या. २.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल आणि पाय पूर्ण दाबलेला असेल, तर ते मिनिटाला ३,३०० लिटरपर्यंत हवा ओढू शकतं. आपण निवांत बसलेलो असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो. म्हणजे आमच्या शाळेची सकाळची अख्खी पाळी एका नळीतून श्वास घेतेय असं समजा.

यांचा सगळा हिशेब एस.टी.तला. जुन्या गाड्यांना तेलाच्या भांड्याचं एअर क्लीनर असायचं. हवा तेलावरून फिरून वर जायची आणि धूळ तेलात बसायची. जत्रेच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावरून फिरलेल्या गाड्यांच्या त्या भांड्यात अक्षरशः चिखल व्हायचा. ड्रायव्हर तक्रार लिहायचे, 'गाडी कुंभार्ली घाटात ओढत नाही, काळा धूर मारते.' नवे मेकॅनिक डिझेलच्या पंपाला हात घालायचे. हे आधी एअर क्लीनर उघडायचे. काळा धूर म्हणजे बरेचदा डिझेल जास्त झालेलं नसतं, हवा कमी पडलेली असते.

दुसऱ्या दिवशी गादी उचलून यांनी इंजिनावरचं झाकण काढलं. या व्हॅनची मूळ रचना मोठी शहाणपणाची आहे. पाठीमागच्या खिडकीच्या कडेला, गाडीच्या कानशिलापाशी, उंचावर जाळीची झडप असते. मूळ इंजिनाची हवा तिथून येते. गाडीची मागची चाकं धूळ उडवतात, इंजिन उष्णता सोडतं, पण त्या उंचीवर हवा त्यातल्या त्यात स्वच्छ आणि थंड. नव्या इंजिनाच्या वेळी मात्र कुणीतरी सोपा मार्ग काढलेला. शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर थेट इंजिनाशेजारी बसवलेला. कानशिलाची झडप तशीच, कुणाशीच न जोडलेली. गाडी ज्या खोलीत तापते त्याच कोंदट खोलीतली हवा ती पुन्हा नाकात ओढत होती.

"मोजल्याशिवाय बोलायचं नाही," हे म्हणाले. सूनबाईंकडे ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आहे, लांब वायरला सळई आणि बाहेर आकडा दिसतो असा. ती सळई फिल्टरपाशी बांधली, आकडा माझ्याजवळ. नातवाची जुनी वही माझ्या मांडीवर. चढावर बाहेर ३१ अंश, फिल्टरपाशी ६८! तापलेली हवा विरळ होते, हेही मी फळ्यावर लिहिलेलं. हिशेब मांडला तर प्रत्येक घोटात शंभरातले अकरा भाग हवा कमी.

दुसरं मोजमाप यांचं खास. माशांच्या टाकीला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, फळीवर 'यू' आकारात वाकवून ठोकली, मध्ये शिंप्याची टेप चिकटवली आणि नळीत हळदीचं पाणी भरलं. एक टोक फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीला जोडलं, दुसरं मोकळं. इंजिन जितक्या जोराने ओढेल आणि वाट जितकी अरुंद असेल तितकं पाणी एका बाजूला चढतं. पट्टा लावून मागच्या बाकावर मी, समोर ही फळी. मुलाने पाय पूर्ण दाबला की मी ओरडायची, "एकेचाळीस सेंटिमीटर!" सगळं वातावरण मिळून पाण्याचा सव्वादहा मीटरचा खांब तोलून धरतं. त्यातले ४१ सेंटिमीटर नुसत्या ओढण्यात गेले, म्हणजे चार टक्के. फिल्टरच्या पुढची नळी आतून वळ्यावळ्यांची होती आणि पहिलंच वळण काटकोनी. हवेला तिथे ठेच लागत होती.

रात्री मी कागद घेऊन बसले. खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७८ टक्क्यांच्या आसपास राहतो. तो निसर्गाचा कर, त्यात सूट नाही. त्यावर उष्णतेचे अकरा आणि ओढाताणीचे चार. शंभराचे राहिले सदुसष्ट. कागदोपत्री १३० घोड्यांतले ८७ माथ्यावर पोचत होते. एवढा खटाटोप करून बसवलेलं इंजिन वर जाऊन जुन्या इंजिनाच्या सपाटीवरच्या ताकदीलाही पोचत नव्हतं! मोठं इंजिन टाकलं असतं तरी त्यालाही ह्याच नळीतून श्वास घ्यावा लागला असता. मुलाने कागद दोनदा वाचला आणि किमतींची यादी फाडून टाकली.

आणखी एक गोष्ट त्याने आम्हाला समजावली, कारण ती त्याच्या प्रांतातली. या इंजिनात हवेच्या वाटेवर एक बारीक तापती तार असते. हवा तिला गार करते, आणि तिला पुन्हा तापवायला किती वीज लागली त्यावरून संगणक किती हवा आत गेली ते ओळखतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. मी म्हटलं, "म्हणजे शाळेतली खिचडी!" फाटकावर हजेरी घ्यायची, तेवढ्या मुलांची खिचडी शिजवायची. आता हजेरीच्या जागेआधीच काटकोनी वळण असेल तर पोरं घोळक्याने, गरगरत येणार आणि मोजणी चुकणार. आणि हजेरीनंतर भिंतीला भगदाड असेल तर चाळीसांच्या खिचडीवर चव्वेचाळीस पोरं बसणार. इथे दोन्ही होतं. वळण होतंच, शिवाय तारेच्या पुढच्या रबरी नळीला बारीक चीर पडलेली. मुलगा खो-खो हसला आणि म्हणाला, "आई, आमच्या ऑफिसात हे तुझ्यासारखं कुणी सांगत नाही."

दुरुस्ती मनाला येईल तशी करता येत नव्हती. कॅलिफोर्नियात धुराचे नियम कडक. १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होते. हवेच्या मार्गात बाजारातला बदललेला संच लावायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाच्या मंजुरीचा क्रमांक लागतो. इंजिन बदललेली गाडी तर सरकारी 'रेफरी'कडे न्यावी लागते. इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं आणि त्याच्याबरोबर आलेली धुराची सगळी सामग्री जागेवर हवी. हे ऐकून म्हणाले, "बरंच आहे. कंपनीने जी पेटी दिली तीच शोधू. ती करताना त्यांनी काही विचार केला असेलच."

मग आम्ही भंगाराच्या यार्डात गेलो. तिथे आपली हत्यारं न्यायची, शेकडो गाड्यांच्या रांगांतून हवी ती शोधायची, भाग स्वतः खोलायचा आणि दारात पैसे द्यायचे. पुण्याच्या जुन्या बाजारात गेल्यासारखे यांचे डोळे चमकायला लागले! लेगसी सापडली. हे बॉनेटखाली वाकले, मुलगा पाने हातात देत होता. "दहाचा दे. आता बाराचा." तीन तास. बंद फिल्टरपेटी, ती तार असलेला भाग आणि त्यापुढची धड रबरी नळी एवढं घेऊन आम्ही विजयी मुद्रेने बाहेर पडलो.

पुढचे तीन शनिवार-रविवार त्यात गेले. पेटी मागच्या कोपऱ्यात, धुराड्याच्या नळीपासून लांब बसवली. कानशिलाच्या झडपेपासून पेटीपर्यंत ७५ मिलिमीटरची, आतून गुळगुळीत नळी आणली. पावसाचं पाणी आलं तर निघून जावं म्हणून सगळ्यात खालच्या जागी छोटं भोक ठेवलं. काटकोन काढून मोठ्या गोलाईचं वळण दिलं आणि तारेच्या आधी वीतभर सरळ वाट ठेवली. इंजिनाच्या पोटातला श्वास सोडणारी नळीही मोकळी लोंबत होती, ती तारेच्या पुढे मूळ जागी जोडली.

एका जागी दोघांची जुंपली. मुलाला पेटीपासून इंजिनापर्यंत सगळी नळी ॲल्युमिनियमची, चकचकीत हवी होती. हे म्हणाले, "शेवटचा तुकडा रबराचाच पाहिजे. इंजिन रबराच्या पायांवर बसलंय, ते हलणार. गाडीची बॉडी स्थिर. हलणारं आणि न हलणारं ताठ नळीने बांधलंस तर एक दिवस नळी तरी फुटेल नाही तर पेटी. मधे थोडं वाकणारं काहीतरी लागतंच." मुलगा काही बोलला नाही. रबराचा तुकडा लावला गेला. मी तेव्हा चहा घेऊन आले होते. ट्रे तसाच हातात धरून थोडा वेळ उभी राहिले.

पुन्हा डॉनरला गेलो तेव्हा बाहेर तितकंच ऊन. वही, थर्मामीटर आणि हळदीची फळी घेऊन मी माझ्या जागेवर. नळीतली हवा ३६ अंश. पाण्यातला फरक १७ सेंटिमीटर. चौथा गिअर, ताशी पन्नास मैल. गंमत म्हणजे आवाज अर्ध्याने उतरला, कारण बंद पेटी हवेची गर्जनाही आतच जिरवते. मुलाला क्षणभर वाटलं, काही बिघडलं की काय! ताकद वाढली आणि गाडी मुकाट झाली. ज्यांनी ओरडून वर्ग सांभाळणारे आणि हळू बोलून सांभाळणारे असे दोन्ही शिक्षक पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळा खर्च दोनशे डॉलरच्या आत. रेफरीनेही गाडी पास केली आणि दाराच्या चौकटीवर लेबल चिकटवलं. त्याचा फोटो यांनी कऱ्हाडच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवला.

आता फाईलचं सांगते, कारण नातेवाइकांचे फोन त्यासाठीच येतात. निघायच्या आठवड्यात मुलाने ती शेवटी उघडली. हे म्हणाले, "अर्ज नको करूस. आम्ही येऊ, दर उन्हाळ्यात येऊ. पण राहणार कऱ्हाडात. दुसऱ्या गाडीतलं इंजिन इथे चालतं हे पाहिलं मी. पण त्याला त्याची हवा आणून द्यायला तीन आठवडे तू राबलास. आम्हा दोघांसाठी तू रोज किती राबणार?" मुलगा म्हणाला, "राबेन की." हे म्हणाले, "माहितेय मला. म्हणून तर नको." त्याचे डोळे भरले. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फाईल कपाटात गेली. फेकली नाही कुणीच.

मी त्या वेळी मधे पडले नाही. माझं मत कुणी विचारलं असतं तर दोन्हीकडे गेलं असतं. नातवाचा वास अजून माझ्या शालीला येतो. पण इथे सकाळी सात वाजता हे सायकलवरून मंडईत जातात, वाटेत तीन ठिकाणी थांबतात, आणि रात्री उसासे न टाकता झोपतात. हे आकड्यांत मांडायला माझ्याकडे हळदीची नळी नाही, पण मला ते ऐकू येतं.

आता दर रविवारी फोन यांच्या हातात असतो, मी नंतर. परवाचा अर्धा तास फिल्टरवर गेला. तिकडच्या वणव्यांच्या दिवसांत हवेत राख असते, तेव्हा नेहमीच्या मुदतीआधीच फिल्टर बघायचा, नळीच्या क्लिपा हाताने चाचपायच्या, आणि खालचं भोक बुजलं नाही ना ते पाहायचं, असा पाठ चालला होता. मुलगा पलीकडून लिहून घेत होता. मग हे म्हणाले, "आणि तू? झोप होते का नीट?" त्यानंतर बराच वेळ फक्त पलीकडूनच बोलणं ऐकू येत होतं. मी भाजी निवडायला घेतली. माझी पाळी त्या दिवशी आलीच नाही.